अक्कांच्या ताटातली भाजी

मेथी उगवायला एखादा दिवस उशीर झाला की आमचे घरमालक वाफ्याजवळ उकिडवे बसत, खिशातलं घड्याळ काढून बघत आणि मेथीला म्हणत, "लेट हाईस."

मी त्यांचा भाडेकरू होतो. सांगलीत, लढाईच्या दिवसांत. मी मूळचा जावळीतल्या मेढ्याकडचा. हळदीच्या एका अडतीवर कारकून म्हणून लागलो होतो आणि त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली मला मिळाली होती. गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणे, घरात ते अण्णा होते, आणि पुढं मीही त्यांना अण्णाच म्हणू लागलो. मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांवर त्यांनी सारी नोकरी गार्ड म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर अंगावरचा काळा कोट उतरला, पण आतला गार्ड काही उतरला नाही.

त्यांची एक गोष्ट सांगलीत अजून सांगतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनीही ती सांगितली. "आमच्या गल्लीत पूर्वी एक गार्डसाहेब होते. बहिणीचा नेम होता, बाजारची भाजी खायची नाही म्हणून. हे पठ्ठे बाजारातनं आणायचे आणि आपल्या वाफ्यातली म्हणून वाढायचे. एक दिवस सापडले." पंगत हसली. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं वडिलांकडून ऐकलं होतं, वडिलांनी गल्लीकडून.

ती गोष्ट खरी नाही. हे पहिल्यापासून जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे, आणि माझंही वय झालं.

आधी अण्णा कसे होते ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धान्य रेशनवर होतं, बाजार कडाडला होता. लोकांनी निदान भाजी तरी आपली आपण पिकवावी म्हणून संस्थानच्या दरबारनं नदीकाठच्या पडीक जमिनीच्या पट्ट्या पाडून गावातल्या लोकांना दिल्या. अण्णांची पट्टी बांधापासून उतरत उतरत पाण्यापर्यंत गेलेली. वर मुरमाड, खाली पुराच्या गाळाची मळी. शेजारची पट्टी एका वकीलसाहेबांची. वकीलसाहेबांनी पहिल्याच थंडीत सगळ्या पट्टीत मेथी टाकली. ती आली तेव्हा अशी आली की त्यांच्या घरी सकाळी मेथी, संध्याकाळी मेथी; पक्षकारांना मेथी, शिपायाला मेथी. मग एकदम संपली. पुढं दोन महिने वकीलसाहेब मोकळ्या जमिनीकडं बघत उभे असायचे.

अण्णा मात्र दर आठवड्याला वीतभर रुंदीची मेथी पेरत. एक वीत उगवली की पुढची वीत. पहिली काढायला येई तेव्हा दुसरी हातभर मागं, तिसरी नुकती कोंबांवर.

"ही काय थट्टा लावलीय, गार्डसाहेब?" वकीलसाहेब म्हणाले. "एवढ्यानं कुणाचं पोट भरतं?"

"पोटाला रोज एक गाडी लागती, वकीलसाहेब," अण्णा म्हणाले. "तुमी सगळ्या गाड्या एकदम सोडल्या. आता टेसनात बसून राहा."

पट्टीवर त्यांच्या नोकरीतल्या दोन झेंड्या होत्या. ओल्या मातीत कुणी पाय घालू नये म्हणून लाल झेंडी, आणि तोडणीच्या दिवशी हिरवी. रिकामी कावड घेऊन नदीकडं जाणं ही डाऊन गाडी, भरून वर येणं ही अप. सकाळी अडतीवर जाण्याआधी मीही त्यांच्याबरोबर दोन-तीन खेपा घाली. भेटलो की अप गाडीला आधी वाट द्यायची, असा नियम होता. एकदा मी भरली कावड घेऊन येताना समोरून एक म्हैस आली. अण्णांनी लांबून शिट्टी फुंकली आणि म्हशीला थांबवलं. ती थांबली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कीड ते मारत नसत. जैन माणूस, मुंगीवर पाय पडला तरी हळहळत. पण वांग्यावरच्या अळ्यांचं करायचं काय, हा प्रश्न होताच. ते एका डब्यात अळ्या वेचत आणि पट्टीच्या पार टोकाला मुद्दाम लावून ठेवलेल्या चार झाडांवर नेऊन सोडत.

"ही त्यांची झाडं," ते म्हणत. "स्टाफला पास द्यावाच लागतो. पास न्हाई दिला तर बिनातिकीट कुठल्याबी डब्यात शिरत्यात."

त्यांचा जन्म जतच्या अलीकडच्या एका गावचा. घरात मराठी बोलत, पण वेलींशी कानडीत बोलत. दोडक्याच्या वेलाला मांडवाकडं वळवताना "बेग बा, बेग बा" म्हणत. म्हणजे लवकर ये. मी विचारलं, "वेलींना मराठी कळत नाही का?" तर म्हणाले, "कळतंय. पण मराठीत मला नोकरीतलं बोलायची सवय. त्यानं वेल बिथरतो."

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि मी हसतही असे. पण त्या वेळापत्रकामागं एक माणूस होतं, आणि ते आजारी होतं.

अक्का ही अण्णांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा झालेली, सगळी हयात भावाच्या घरी काढलेली. पांढरं लुगडं, ताठ मान, आवाज धारेचा. मला खोली देताना अटी त्यांनीच घातल्या होत्या. खोलीत अंडं आणायचं नाही, मांस आणायचं नाही, कांदा आणायचा नाही. मी खानावळीत जेवून आलो की त्या पायरीवरूनच म्हणत, "लांबनं बोल रं. तोंडाला कांद्याचा वास येतोय." घरात त्या, अण्णा, सून आणि सुनेची एक मुलगी. मुलगा पुण्याला लष्कराच्या कचेरीत नोकरीला होता.

लढाई सुरू झाली त्या सुमारास अक्कांनी बाजारात एका भाजीवालीला शिळी जुडी गटारात बुचकळून ताजी करताना पाहिलं. त्या तिथूनच परतल्या. त्या वर्षी गावात मुनिमहाराज मुक्कामाला होते. त्यांच्यासमोर जाऊन अक्कांनी नेम घेतला: घरच्या माणसाच्या नजरेखाली वाढलेली नाही ती भाजी खाणार नाही. नेम घेणं ही त्यांच्याकडची जुनी रीत, आणि अक्का घेतलेला नेम मोडणाऱ्यांपैकी नव्हत्या. पण तेव्हा पट्टी नव्हती. परसात तुळस आणि कढीलिंब. वर्ष-दोन वर्षं त्यांनी डाळ, भात, भाकरी आणि ताक यांवर काढली. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. संध्याकाळ झाली की दिसेनासं झालं. जिना उतरताना भिंत चाचपडायला लागल्या.

वैद्य आले, तपासून म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध ताटात पाहिजे. हिरवी भाजी रोज, आणि वर्षभर. मध्ये खंड पडला तर पुन्हा हेच."

"बाजारची चालणार न्हाई," अक्का म्हणाल्या.

"मग घरची पिकवा."

अण्णांनी पट्टीसाठी अर्ज केला तो त्या दिवशी.

आता यातली मेख सांगतो. अक्का जमिनीखालचं काही खात नसत. कांदा, बटाटा, मुळा, गाजर, रताळं, सगळं बाद. चातुर्मासात पालेभाजी बाद. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं काहीच नाही. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या गवारीवर आणि भेंडीच्या फोडींवर भागवायचं. आणि नेमकं चातुर्मासातच कृष्णेचं पाणी चढे आणि खालची सगळी मळी पाण्याखाली जाई.

वकीलसाहेब एकदा म्हणाले, "तुमच्या धर्मानं निम्मी भाजी काढून घेतली आणि उरलेल्यातली निम्मी नदीनं. कशाला या फंदात पडता?"

"सिंगल लाइन हाय," अण्णा म्हणाले. "सिंगल लाइनीवर बी गाड्या चालत्यात. क्रॉसिंग नीट जमवाय पाहिजे."

आणि त्यांनी ते जमवत आणलं होतं. थंडीत मळीत वांगी, चुका, शेपू, मेथी, घेवडा. उन्हाळ्यात गवार, भेंडी, काकडी, पाणी कावडीनं. पावसाळ्यासाठी बांधालगतच्या वरच्या भागात मांडव घालून दोडका, पडवळ आणि चवळीच्या लांब शेंगा. तांबडे भोपळे पिकवून माजघराच्या आढ्याला टांगलेले. ते इतके असत की घरात सगळे वाकून चालत, आणि पाहुण्याच्या कपाळाला टेंगूळ आलं की अण्णा म्हणत, "लो ब्रिज." अक्कांच्या हिरड्या भरून आल्या. एका संध्याकाळी त्यांनी दारातूनच मला ओळखलं आणि नेहमीसारखं लांब उभं राहायला सांगितलं, तेव्हा अण्णा आत जाऊन डोळे पुसून आले.

पहिलं वर्ष पुरं व्हायला थोडेच महिने उरले होते. श्रावण लागला होता. पुण्याहून मुलगा आजारी असल्याचं कळलं आणि अण्णांना सुनेसह निघावं लागलं. निघण्याआधी त्यांनी मला पट्टीवर नेलं.

"चार्ज घेतला, असं तोंडानं म्हण," ते म्हणाले.

"घेतला, अण्णा."

"'घेतला' न्हवं. 'चार्ज घेतला.'"

मी म्हटलं. त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली आणि काम सांगितलं. एकच होतं. पाणी चढलं की काठची जनावरं वर सरकतात. म्हणून रोज दिवस मावळायच्या आत बांधाकडचं काटेरी फाटक ओढून दोरीनं घट्ट बांधायचं. रोज सकाळी शेंगा आणि दोडकी तोडून अक्कांकडं द्यायची. बस्स.

मी अक्कांना विचारलं, "मी तुमच्या घरचा नाही. माझ्या नजरेखालची भाजी नेमात बसेल का?"

अक्कांनी थोडा विचार केला. "इतकी वर्षं पायरीवर उभा हाईस," त्या म्हणाल्या. "घरचाच म्हणायचा."

चौथ्या की पाचव्या दिवशी गावात कुस्त्यांचा फड होता. आमच्या जावळीचा एक मल्ल लढणार होता. अडतीवरून मी परस्पर फडाकडं गेलो. फाटकाची आठवण मला झाली होती, हे मी लपवत नाही. वाटेत झाली होती. एक दिवस काय होतंय, असं मनात म्हटलं आणि पुढं चालू लागलो.

सकाळी पट्टीवर गेलो तर मांडव आडवा. म्हशींनी रात्र तिथंच काढली होती. शेंगांचा एक वेल धड नव्हता, दोडक्याचे वेल मातीत तुडवलेले. पाणी वरच्या वाफ्याच्या कडेला लागलं होतं आणि सगळीकडं खुरांचे खड्डे.

मी अक्कांकडं जाऊन तसं सांगायला हवं होतं. घराकडं निघालोही होतो. पण अक्कांचं ताट डोळ्यांपुढं आलं, वैद्यांचं 'खंड' आठवलं, आणि त्याहून जास्त अक्कांचा आवाज आठवला. मी वळलो आणि बाजाराच्या पार पलीकडच्या टोकाला गेलो, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं. चवळीच्या शेंगांच्या दोन जुड्या घेतल्या, वाटेत त्यांचे बंद सोडून टाकले, शेंगा पाटीत पसरल्या आणि अक्कांच्या पायरीवर ठेवल्या.

"आज कोवळ्या निघाल्या," अक्का म्हणाल्या.

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. घाटातल्या पावसानं रुळांखालची माती वाहून गेली होती. अण्णांची गाडी अडकली आणि माझं खोटं लांबत गेलं. अक्का ताटाला नमस्कार करून जेवत. नेम राखल्याच्या समाधानानं जेवत. मला ते खोलीच्या खिडकीतून दिसे.

अण्णा एका सकाळी परत आले. मुलगा बरा होता. सून त्याच्याजवळ राहिली होती. ते पायावर पाणी घेत होते, मी नुकतीच पाटी ठेवून उभा होतो आणि अक्का शेंगा निवडायला बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला. पाटीच्या तळातून त्यांनी काहीतरी चिमटीत धरून उचललं. केळीच्या वाळक्या सोपटाचा बंद, गाठीसकट. बाजारात जुडी बांधतात तो.

आमच्या पट्टीवर जुडी कुणी बांधत नसे. कशाला बांधायची?

"हे काय?" अक्का म्हणाल्या. माझ्याकडं नव्हे, भावाकडं बघून.

अण्णांनी तो बंद पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही पाहिलं. ते पट्टीवर अजून गेलेही नव्हते, पण त्यांना सगळं कळलं हे मला कळलं. बोलायची वेळ ती होती. मी पायरीच्या दगडाकडं बघत राहिलो.

"चूक माझी," अण्णा म्हणाले.

"तू सांगून गेलतास व्हय ह्याला, बाजारातनं आण म्हणून?"

"पट्टी माझी, अक्का. डब्यात जे चढलं त्याला गार्ड जबाबदार."

"किती दिवस?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यांना ते ठाऊक नव्हतं. अक्कांना वाटलं, सांगायची हिंमत नाही. त्यांनी पाटी जमिनीवरून सरकवली, उठल्या, हात धुतले आणि देवळात गेल्या. परत आल्या त्या उपास धरून. आमच्या गल्लीतल्या घरांच्या भिंती पातळ होत्या. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं की गार्डसाहेबांनी बहिणीला फसवलं.

संध्याकाळी अण्णा मला पट्टीवर घेऊन गेले. पडलेला मांडव, खुरांचे ठसे, सगळं फिरून बघितलं.

"अपघात कसा झाला ते सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासनं."

मी सांगितलं. कुस्त्यांचंही सांगितलं.

"कोण जिंकलं?"

"निकाल लागला नाही. बरोबरीत सोडवली."

"म्हंजे ते बी गेलं," अण्णा म्हणाले आणि खाली बसून एक तुडवलेला वेल उचलून बघू लागले. त्याच्या बुडाशी एक डोळा हिरवा होता. त्यांनी त्याला मातीची भर दिली, काडी रोवली, आणि त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलले.

"मी अक्कांना आत्ता जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"उपास सुटू दे. उपाशी माणसाला चौकशी सोसत न्हाई."

उपास सुटला, पण अक्का भावाशी बोलेनात. आणि भाजी खाईनात. पुन्हा डाळ आणि ताक. एका सकाळी मी मनाचा हिय्या करून पायरीपाशी गेलो, तर घरात अक्का नव्हत्या. अण्णाही पट्टीवर गेलेले. मी धावत नदीकडं गेलो.

अक्का बांधावर उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं नातीचा खांदा धरलेला. घर, देऊळ आणि कधीमधी बाजार, यापलीकडं ती बाई सांगलीत कुठं गेली नव्हती. त्या काठीनं एकेका वाफ्याकडं दाखवत होत्या आणि नातीला विचारत होत्या, "हे काय लावलंय? ते काय हाय?" अण्णा चार पावलांवर ओणवे होऊन माती भुसभुशीत करत होते, पण त्यांना विचारायचं नव्हतं.

"आजपासनं माझ्या नजरेखाली," अक्का नातीला म्हणाल्या, अण्णांना ऐकू जाईल अशा बेतानं. "दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई."

त्या रोज येऊ लागल्या. आधी नुसत्या उभ्या राहत, मग दगडावर बसत, मग एक दिवस लुगडं खोचून गवत उपटायला लागल्या. पंधरवड्यात पट्टीचा ताबा त्यांच्याकडं गेला. लाल झेंडी कुठं लावायची ते त्या ठरवू लागल्या. अळ्यांना चार झाडं जास्त होतात म्हणाल्या आणि तीन केली. मांडव दुसऱ्यांदा उभा राहिला तेव्हा दोऱ्यांच्या गाठी त्यांनी स्वतः तपासल्या.

मी पुन्हा अण्णांना म्हटलं, "आज सांगतो. तुमच्यावरचा डाग मला बघवत नाही."

आम्ही पाण्याच्या खेपा करत होतो. अण्णांनी कावड खाली ठेवली.

"सांगून काय हुईल?"

"त्यांचा तुमच्यावरचा राग जाईल."

"आणि मग? राग गेला की ती घरात जाऊन बसंल. आता रोज दोनदा एवढं चालती. उन्हात बसती. कालच्याला पोरीकडं बघून मला शिवी दिली, केवढा खणखणीत आवाज. आणि तुझ्यावर रागावली तर तुला खोली सोडावी लागंल, मग अप-डाऊन मी एकट्यानं करू?" त्यांनी कावड परत खांद्यावर घेतली. "ती हाय तवर गप बसायचं. हा हुकूम समज."

"आणि लोक जे बोलतात ते?"

"लोक काय, फलाटावर उभं ऱ्हाणारं. गाडी गेली की घरी जात्यात."

मी हुकूम मानला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. त्या सुटल्यासारखं होण्याचंच मला पुढं ओझं झालं.

दिवाळीनंतर मळी मोकळी झाली आणि अण्णांनी, म्हणजे अक्कांनी, नवं वर्ष धरलं. वीत वीत मेथी, वांग्याची रोपं, घेवडा. त्या वर्षी पूर मोठा आला, खालचं सगळं गेलं, पण वरचा मांडव असा बहरला की दोडकी वकीलसाहेबांच्या हद्दीत लोंबली. त्यांना अक्कांनी सांगून टाकलं, "लोंबलेली तुमची. पण पुढच्या थंडीला मेथी वीतभर पेरायची." वकीलसाहेबांनी पेरली. त्यांच्या पत्नीही मग पट्टीवर येऊ लागल्या, आणि त्यांच्यामागून गल्लीतल्या आणखी दोघी. चातुर्मास संपला. एका कार्तिकापासून दुसऱ्या कार्तिकापर्यंत त्या घरात बाजारची भाजी आली नाही आणि अक्कांचं ताट एक दिवस मोकळं राहिलं नाही. अष्टमी-चतुर्दशीला वाळवलेली गवार होती, श्रावणात शेंगा, आणि आढ्याला भोपळे शिल्लक.

त्या दिवशी अक्कांनी अण्णांचं ताट स्वतः वाढलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलल्या. मी पायरीवर होतो, म्हणून ऐकलं.

"बाजारातलं न आणता बी जमतंय," त्या म्हणाल्या. "तुला उगीच वाटलं, जमायचं न्हाई म्हणून."

"व्हय," अण्णा म्हणाले. "चुकलंच माझं." आणि चवीनं जेवले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं ती पट्टी दोघांनी मिळून भांडत भांडत चालवली. लढाई संपली, स्वातंत्र्य आलं, मी साताऱ्याला नोकरी बदलून गेलो. सांगलीस आलो की पट्टीवर जाई. आधी अण्णा गेले, मळीत वांगी लावून आलेल्या दिवशी, झोपेत. अक्का त्यांच्यामागं बरीच वर्षं होत्या. शेवटपर्यंत संध्याकाळचं त्यांना स्वच्छ दिसे. अण्णांची आठवण निघाली की म्हणत, "माणूस चांगला. तेवढं एक सोडलं तर." मी समोर बसलेला असे.

अण्णांचा हुकूम अक्का असेपर्यंतचा होता. त्या गेल्या त्यालाही आता कितीतरी पावसाळे झाले. त्यानंतर गप्प राहिलो तो मी माझ्या मनानं. विषय कुठं निघतोय, कोण ओळखतंय, असं स्वतःला सांगत राहिलो. मग परवाच्या पंगतीत तो निघाला आणि मी तिथंही पानातल्या भाताकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या नातीकडं गेलो. तीच, अक्का जिच्या खांद्यावर हात ठेवून बांधावर आल्या होत्या. आता तिलाच पणतू आहेत. तिला सगळं सांगितलं. मध्ये थांबलो नाही.

ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "शाळेत मुली मला चिडवायच्या. तुझा आजोबा बाजारचा, म्हणायच्या. मी घरी येऊन आजोबांना विचारलं होतं, तुम्ही असं का केलं? ते म्हणाले, मोठी झालीस की सांगीन. मी मोठी व्हायच्या आत ते गेले."

मग तिनंच विचारलं.

"त्यांनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं होतं ना?"

"हो. पण अक्का असेपर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढचं माझं."

तिनं मान हलवली. रागावली का, ते मला ओळखता आलं नाही. आत जाऊन पाणी आणलं, माझ्या हातात दिलं आणि समोर बसली.

"लिहून द्या," ती म्हणाली. "तोंडी सांगितलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला मालकाची माया. लिहिलेलं असलं की मी सगळ्यांना वाचून दाखवीन. मुलांना, सुनांना, त्या पंगतीतल्या माणसालाही. आधी मोठ्यांदा मीच वाचीन."

म्हणून लिहिलं. त्या श्रावणात अक्कांच्या पायरीवर ठेवलेल्या शेंगा बाजारातून मी आणल्या होत्या. अण्णांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी बहिणीच्या ताटात आयुष्यात एकदाही बाजारची भाजी वाढली नाही.